पेडणेकरांची घरची माणसं

"मुलीला धुरात बसवू नका," असं डॉक्टरीणबाई पुन्हा एकदा म्हणाल्या तेव्हा नलिनीला आधी त्यांचाच राग आला. मग सासऱ्यांचा आला. रिक्षा घाटकोपरहून साकीनाक्याला पोचेपर्यंत नवऱ्याचा, सासूचा, हॉटेलातल्या कोळशाच्या भट्टीचा आणि शेवटी स्वतःच्या बी. कॉम.चाही येऊन गेला. कारण सगळं त्या बी. कॉम.मुळे झालं होतं.

लग्न ठरलं तेव्हा धोंडिराम पेडणेकर, म्हणजे आबा, भावकीत सांगत सुटले होते, "सून शिकलेली आणतंय. आता गल्ल्यावर माणूस ठेवूक नको." हळद उतरली नाही तोच नलिनी पेडणेकर लंच होमच्या गल्ल्यावर बसली. आजूबाजूच्या वर्कशॉपमधली माणसं जेवायला यायची. सकाळी पहिल्या चहापासून रात्री शेवटच्या राइसप्लेटपर्यंत ती पैसे घ्यायची, सुटे मोजायची आणि कोळंबी संपली म्हणून शिव्या खायची. मुलगी झाल्यावर गल्ल्यामागे, भटारखान्याच्या दाराशी, एक झोळी टांगली गेली. पोर झोळीत खोकायची. नलिनी बाहेर पैसे मोजायची आणि कान झोळीकडे ठेवायची. दोन खोकल्यांमध्ये जरा जास्त वेळ गेला, तरी ती गिऱ्हाइकाला उभं ठेवून झोळीत डोकवायची.

"आबा, एक कॅशियर ठेवू या," ती दर महिन्याला म्हणायची.

"घरचा माणूस असताना भायरचो कित्याक?" आबा दर महिन्याला म्हणायचे.

आज मात्र स्पष्ट बोलायचंच, असं ठरवून ती पोर कडेवर घेऊन रिक्षातून उतरली आणि दारातच थांबली. पहिल्या टेबलाशी एक किडकिडीत गृहस्थ बसला होता. समोर कागद, हातात पेन, आणि शेजारी घरून आणलेली पाण्याची बाटली. हॉटेलात येऊन स्वतःचं पाणी पिणारा माणूस सरकारीच असणार. त्याच्यासमोर आबा शर्टाची सगळी बटणं लावून उभे होते.

"हॉटेल कामगारांच्या किमान वेतनाचे नवे दर लागू झालेत," इन्स्पेक्टर सांगत होता. "तुमच्याकडे कामगार किती?"

"कामगार नायतच, साहेब," आबा म्हणाले. "सगळी घरचीच माणसं."

"मग त्यांना पगार?"

"घरच्यांना कसला पगार? तुम्ही तुमच्या आईला पगार देता?"

इन्स्पेक्टरने आईचा विषय तसाच सोडून दिला. "मालकाच्या कुटुंबातलं माणूस असेल, त्याच्याबरोबर राहत असेल आणि त्याच्यावर अवलंबून असेल, तर त्याला हा कायदा लागू नाही. घरी कोण कोण राहतं, ते सांगा. सांगाल ते लिहितो. खाली सही करायची."

"लिहा," आबा म्हणाले. "मी. माझी बायको जानकी. मुलगा चंद्रप्रकाश, तो विक्रोळीला कंपनीत आहे. आणि हा सीताराम, माझा मेहुणा."

काय चाललंय ते बघायला झारा घेऊन बाहेर आलेला आचारी उभ्या उभ्या मेहुणा झाला. भट्टीच्या धगीने तांबारलेला त्याचा चेहरा आणखी तांबडा झाला.

"ही शेवंती, माझी बहीण."

भाकरी थापणाऱ्या शेवंतीचा हात परातीत थांबला.

"यांचे मिस्टर?"

शेवंतीचा नवरा चांगला धडधाकट होता आणि टेंपो चालवायचा. आबांनी क्षणभर त्याला कागदावर मारायचा विचार केला असावा, पण शेवंतीचे डोळे बघून बेत बदलला. "माहेरी आलीय ती. त्यांचं पटत नाय."

"आणि हे?"

"बाळा. पुतण्या. गिरणी बंद पडली त्याची, म्हणून माझ्याकडे."

गिरणीचं खरं होतं. बाळाने टेबल पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि पुतण्यासारखा उभा राहिला.

"आणि ते मासे साफ करतायत ते?"

आबांनी मागे वळून पाहिलं. गळ्यात क्रूस घातलेला रोझारिओ सुरमईचे तुकडे करत होता.

"मावसभाऊ."

"नाव?"

"रोझारिओ," रोझारिओनेच सांगून टाकलं.

पेन थांबलं.

"मावशीने प्रेमविवाह केला, साहेब," आबा खालच्या आवाजात म्हणाले. "आम्ही तेव्हा तोडली तिला. पण रक्ताचं नातं तुटतं काय?"

इन्स्पेक्टरने लिहिलं. "एकूण सात जण. अजून कोणी?"

"बस. एवढंच कुटुंब."

दारात उभ्या नलिनीने मनात मोजलं. मग पुन्हा मोजलं. चुलीपाशी उभ्या असलेल्या चार परक्या माणसांना या गृहस्थाने बसल्या जागी नातेवाईक केलं होतं, आणि त्या गडबडीत सून विसरला होता. नातसुद्धा. मुद्दाम वगळली असती तर एक वेळ समजून घेता आलं असतं. हे विसरणं होतं. घराला कडी आहे, हे आपण जसं विसरतो तसं.

ती पुढे होऊन बोलणार, तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने बिल आणि दहाची नोट पुढे केली. तिचे पाय आपोआप गल्ल्याकडे गेले. पोर झोळीत टाकून तिने सुटे परत दिले. इन्स्पेक्टर तिच्याकडे बघत राहिला. आबांनी सही केली.

"मी घरी येऊन बघेन," तो बाटलीचं झाकण लावत म्हणाला. "कधी येईन, ते सांगत नाही."

तो गेल्यावर आबांनी जाहीर केलं, की आजपासून सगळ्यांनी असल्फ्याला घरी राहायचं. आजवर पुरुषमंडळी हॉटेलातल्या बाकड्यांवर झोपायची. आता जेवायचं, झोपायचं, सगळं कुटुंबासारखं.

"मी घरी काय सांगू?" शेवंतीने विचारलं.

"माहेराक जातंय म्हणान सांग."

"माझं माहेर सावंतवाडीला."

"आता असल्फ्याक."

असल्फ्याच्या चाळीत पेडणेकरांच्या दोन खोल्या आणि एक गॅलरी. चंद्रप्रकाश दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री आला तेव्हा त्याच्या खाटेवर सीताराम घोरत होता. बायकोने सगळी हकिगत सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकली, चटई घेऊन गॅलरीत गेला आणि झोपला. दुसऱ्या दिवसापासून कंपनीत ओव्हरटाइम निघाला. नलिनीचं लग्न झाल्यापासून घरात काही झालं, की त्या कंपनीत ओव्हरटाइम निघायचाच.

पहिल्या दिवशी पाहुणे लाजले. दुसऱ्या दिवशी ते घरचे झाले, आणि तिथून खरी वाट लागली.

सीतारामने प्रश्न काढला, की आपण मेहुणे ते नेमके कसे? बहिणीचा नवरा, की बायकोचा भाऊ? बहिणीचा नवरा झालं तर जावयाचा मान मिळत होता, पण बहीण म्हणजे शेवंती. "मग माझो घोव तू?" असं विचारून शेवंतीने लाटणं उचललं, तेव्हा सीताराम मुकाट्याने जानकीचा भाऊ झाला. तेही काही वाईट नव्हतं. दिवसभर भट्टीपुढे उभा राहणारा माणूस रात्री घरी आल्यावर उंबऱ्यावर बसून म्हणायचा, "ताई, आज कुळथाची पिठी करशीत?" आणि जानकीला सख्खा भाऊ नव्हता म्हणून ती खरोखरच करायची. म्हणजे कांदा नलिनी चिरायची, पिठी नलिनी घोटायची आणि वाढायची जानकी.

बाळाने हॉटेलात टेबलं पुसायचं सोडलं. "मालकाचा पुतण्या फडकं मारतो, बरं दिसतं का?" तो गिऱ्हाइकांनाच विचारायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, "नाय रे, पण टेबल तर पूस." घरी तो चंद्रप्रकाशचे शर्ट घालून फिरायचा.

रविवारी रात्री रोझारिओची आई क्लॅरिस थेट मरोळहून आली आणि दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पेडणेकर कोण? बाहेर या."

आबा बाहेर आले.

"तुम्ही मला मावशी बोलला? गवरमेंटला सांगितलं?"

"बाई, ते तुमच्या पोराच्या नोकरीसाठीच…"

"प्रेमविवाह बोला, पळून गेली बोला, माझी काय हरकत नाय. पण मावशी? अरे, तुला टक्कल पडून जमाना झाला. माझे केस बघ. मी तुझी मावशी दिसते?"

जानकीने तिला आत नेऊन सोलकढी दिली. दोघींचं छान जमलं. जाताना क्लॅरिस आबांकडे बघून म्हणाली, "येते, भाच्या," आणि चाळीतल्या सगळ्या बायका दाराआड हसल्या.

नलिनी हसली नाही. तिला हसायला सवड नव्हती. चौघांचा स्वयंपाक आठांचा झाला होता, सकाळी हॉटेल होतंच, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे सीताराम आणि बाळा गॅलरीत बसून बिड्या ओढायचे. हॉटेलात कोळशाचा धूर आणि घरी विडीचा. पोर आता झोपेतही खोकायची, आणि नलिनी उशाशी बसून तिच्या छातीवर हात ठेवून राहायची.

"आबा, निदान घरात तरी धूर नको," तिने सांगितलं.

"पावण्यांका कसा सांगायचा?"

"ते पाहुणे नाहीत. घरचे आहेत, असं तुम्हीच लिहून दिलंय."

"मग घरच्यांका कसा सांगायचा?"

यावर बी. कॉम.ला उत्तर शिकवलेलं नव्हतं. नलिनीने बादली आपटली. तिचा राग त्या घरात हल्ली भांड्यांमधूनच बोलायचा, आणि शेजारणी म्हणायच्या, सूनबाईचा हात जरा जड आहे.

पगाराचा दिवस आला तशी गंमत संपली. आबा आजवर जो काही तुटपुंजा पगार देत होते, तोही त्यांनी अडवला. "आता दिलो आणि सायबाक कळला तर? तुमी घरची माणसां." सीताराम संध्याकाळी नलिनीपाशी आला. त्याची बायको कणकवलीकडे, दोन मुली शाळेत.

"सूनबाय, तू गल्ल्यार असतंस. काय तरी काढून दी. मनीऑर्डर चुकली तर थंय चूल पेटूची नाय."

नलिनीने सासऱ्यांच्या परवानगीशिवाय गल्ल्यातली एक नोट कधी काढली नव्हती. तिने आबांना विचारलं. आबा म्हणाले, "मेवण्याक जेवूक घालतंय मा? आणखी काय होया?" ते तिने जसंच्या तसं सीतारामला सांगितलं. त्यानंतर सीतारामने कुळथाची पिठी मागितली नाही.

सोमवारी हॉटेल बंद असायचं. अशाच एका सोमवारी दुपारी सगळे पाटांवर जेवायला बसले असताना दारात इन्स्पेक्टर उभा राहिला, पाण्याची बाटली घेऊन.

"जेवा, जेवा," तो म्हणाला आणि खुर्चीवर बसला.

आबांचा घास हातातच राहिला, पण भीतीचं काही कारण नव्हतं. इन्स्पेक्टरने सीतारामला त्याच्या ताईचं माहेरचं गाव विचारलं. ते त्याने सांगितलंच, वर गावच्या विहिरीत कोण बुडालं होतं तेही सांगितलं, कारण रोज रात्री जानकी दुसरं काही सांगतच नसायची. मीठ कुठे आहे म्हणून कोणीतरी विचारलं, तर रोझारिओने न बघता मागच्या फळीवरून काढून दिलं. बाळाने चंद्रप्रकाशच्या ताटातला तळलेला बांगडा उचलला, आणि चंद्रप्रकाशने सख्ख्या भावाला द्यावी तशी त्याला शिवी दिली. शेवंती आणि जानकी एकाच वाटीतून लोणचं घेत होत्या.

"माझ्या घरीसुद्धा एवढं जमत नाही," इन्स्पेक्टर म्हणाला आणि त्याने पेनाला टोपण लावलं. आबांच्या चेहऱ्यावर देवळातून आल्यासारखं तेज आलं.

"फक्त एक सांगा. या बाईंना पगार किती देता?"

"कुठल्या बाईंना?" आबांनी विचारलं, आणि तेही अगदी मनापासून.

नलिनी भाताचं पातेलं हातात आणि पोर कडेवर घेऊन मधोमध उभी होती.

"ह्या. हॉटेलात गल्ल्यावरही ह्याच होत्या."

"ती? ती सून माझी."

"तुम्ही सात जण लिहून दिलेत. त्यात सून नव्हती."

"ऱ्हवली असात सांगूची."

"मावशीचा प्रेमविवाह आठवला आणि सून राहिली?" इन्स्पेक्टरचा आवाज चढला नाही. तो टोमणाही मारत नव्हता, समोर दिसतंय तेच सांगत होता. "आणि पंगतीला सगळे बसलेत, ह्या अजून उभ्या आहेत. घरच्या माणसाला एवढं काम कोणी लावत नाही, पेडणेकर."

इन्स्पेक्टर नलिनीकडे वळला. "बाई, तुम्हीच सांगा. तुम्ही घरच्या, की कामावरच्या?"

आबा डोळ्यांनी खुणा करत होते. चंद्रप्रकाश आमटीत काहीतरी पडल्यासारखा वाटीत बघत होता. 'सून' हा शब्द नलिनीच्या जिभेवर तयार होता. त्याला विचारही लागत नव्हता. तेवढ्यात कडेवरची पोर खोकली. छोटासाच खोकला, पण खाली फुप्फुसापासून आलेला.

"कामावरची," नलिनी म्हणाली.

"कधीपासून?"

"लग्नापासून. आणि साहेब, पेनाचं टोपण काढा. मी एकटी नाही. हे सीतारामदादा, ही शेवंती, बाळा, रोझारिओ. सगळे कामावरचे. या महिन्याचा पगार एकालाही मिळालेला नाही."

"गो, तुझ्या तोंडाक…" आबा पाटावरून उठले.

"सूनबाय खरा बोलता," सीताराम बसल्या जागेवरून म्हणाला. हातातला घास त्याने आधी संपवला. "मेवणो होतंय, बरा वाटला. ताईन जीव लावल्यान. पण साहेब, मेवणेपणाची मनीऑर्डर होणा नाय."

"मला पण घरी जाऊ दे," शेवंती म्हणाली. "नवरा विचारतो, हे कुठलं नवीन माहेर काढलं."

आबांनी शेवटचा प्रयत्न केला. "साहेब, ह्यांचं राहू दे. पण ही खरंच सून आहे. चाळीत कोणालाही विचारा."

"मी चाळीला कशाला विचारू? तुमच्या सहीचा कागद आहे माझ्याकडे. त्यात ही बाई तुमच्या कुटुंबातली नाही." मग इन्स्पेक्टरने लिहिता लिहिता सांगायला सुरुवात केली. आचाऱ्याचा दर वेगळा, वाढप्याचा वेगळा, गल्ल्यावर हिशेब ठेवणाऱ्याचा वेगळा. कामाचे तास ठरलेले. आठवड्याची सुट्टी पगारी. जादा कामाला जादा पैसे. मागची थकबाकी वेगळी काढायची. कामावरून काढायचं, तर आधी नोटीस. प्रत्येक वाक्याबरोबर आबा थोडे थोडे खाली जात होते, शेवटी पाटावर टेकले.

"आणि माझो दर?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. जानकी लोणच्याचं बोट पुसत होती. "तुमच्या ह्या लंच होमाचो मसालो मी भाजतंय. मिरच्ये कुटून माझे डोळे गेले. मी कुठल्या दरात बसतंय?"

इन्स्पेक्टरने कागद पाहिला आणि पहिल्यांदाच अवघडला. "तुमचं नाव इथे आहे, आई. तुम्ही खरोखरच घरच्या. तुम्हाला दर नाही."

"कायच नाय?"

"कायद्यात तरी नाही."

जानकी उठली. तिने पहिल्यांदाच नलिनीच्या हातातलं पातेलं घेतलं आणि खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून आबांनी जाहीर केलं, "हिका आजपासून कामावरून काढलंय."

"कोणाक?" गॅलरीतून चंद्रप्रकाशने विचारलं.

"तुझ्या बायलेक."

"बरं," म्हणून तो कुशीवर वळला.

नलिनीने रात्रभर जागून उत्तरं जुळवली होती, एकाहून एक तिखट. त्यातलं एकही आता लागणार नव्हतं. ज्यासाठी ती इतके दिवस भांडी आपटत होती, ते तिला चहाबरोबर मिळालं होतं, आणि तेही शिक्षा म्हणून.

"नोटीस लागते, आबा," ती म्हणाली. "नाहीतर तेवढा पगार हातात."

"घे पगार. पण गल्ल्यार दिसा नको." आबांनी मान वळवली. विजयाचा एक शेवटचा मार्ग त्यांना सुचला होता. "जानकी, चल. आजपासून तू बस गल्ल्यार. तुका कायदो लागू नाय, सायबच बोललो."

जानकीने चहाचा शेवटचा घोट घेतला.

"कामावरच्याक काढूक नोटीस लागता," ती म्हणाली. "घरच्याक नाय म्हणूक कायच लागणा नाय. मी येणंय नाय."

आबा गल्ल्याची किल्ली घेऊन एकटेच जिना उतरले. जानकीने नलिनीच्या कडेवरून नात घेतली आणि खिडकीपाशी, वाऱ्याला, मांडीवर बसवली.

"जा गो, पड वायच. चार दिस डोळ्याक डोळो लागलो नाय तुझ्या."

नलिनी आडवी झाली, पण झोप येईना. राग अजून बराच शिल्लक होता. ती उठली आणि गॅलरीत गेली. नवऱ्याशी बोलायचं राहिलंच होतं. चटई रिकामी होती. शेजारीण म्हणाली, आत्ताच गेला, कंपनीत ओव्हरटाइम निघालाय म्हणे.